स्थानिक ज्ञानाचे अधिग्रहण : पर्यावरण सल्लागार संस्थांच्या विस्तारप्रक्रियेचा एक अभ्यास

सारांश

पर्यावरण सल्लागार संस्था आपला विस्तार अनेकदा एखाद्या प्रदेशातील अनुभवी स्थानिक चमू विकत घेऊन करतात. अशा व्यवहारात यंत्रसामग्री किंवा इमारती अल्प असतात. मोल दिले जाते ते त्या प्रदेशाची माहिती असणाऱ्या माणसांना. मात्र हे ज्ञान हिशेबवहीत स्वतंत्रपणे नोंदवता येत नाही, कायद्याने बांधून ठेवता येत नाही आणि करारानेही पूर्णपणे हस्तांतरित होत नाही. प्रस्तुत लेखात डब्ल्यूएसपी या कॅनडास्थित संस्थेच्या विस्ताराचे उदाहरण घेऊन ही प्रक्रिया स्पष्ट केली आहे. तसेच भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या संदर्भात तिचे महत्त्व तपासले आहे.

बीजशब्द : पर्यावरण सल्लागार संस्था, अधिग्रहण, स्थानिक ज्ञान, ख्याती, पर्यावरणीय आघात मूल्यांकन, अधिस्वीकृती.

१. प्रस्तावना

एखाद्या गावाजवळ खाण, बंदर, वीजप्रकल्प किंवा रासायनिक कारखाना उभा राहणार असेल, तर त्याचा हवा, पाणी, जमीन, वनस्पती, प्राणी आणि मानवी वस्ती यांवर कोणता परिणाम होईल, याचा अहवाल तयार करावा लागतो. तज्ज्ञ समिती त्या अहवालावर विचार करते, शासन त्याच्या आधारे मंजुरी देते अथवा नाकारते आणि ग्रामस्थ जनसुनावणीत त्यावर प्रश्न विचारतात. हा अहवाल तयार करणारी संस्था म्हणजे पर्यावरण सल्लागार संस्था होय. प्रदूषित जमिनीची तपासणी, भूजलाचे सर्वेक्षण, जैवविविधतेची नोंद, सांडपाण्याच्या प्रक्रियेचा आराखडा आणि कायदेशीर परवानग्यांसंबंधीचा सल्ला ही कामेही अशाच संस्था करतात.

या व्यवसायाची वाढ कारखान्याच्या वाढीसारखी नसते. कारखानदार नवे यंत्र बसवून उत्पादन वाढवू शकतो. सल्लागार संस्थेजवळ विकण्यासारखे असते ते केवळ जाणकारांचे मत. ते मत विश्वासार्ह ठरण्यासाठी त्या प्रदेशातील अनेक वर्षांचा अनुभव आवश्यक असतो आणि अनुभव घाईने निर्माण करता येत नाही. म्हणूनच नव्या प्रदेशात शिरू पाहणारी संस्था तेथे आधीपासून कार्यरत असलेला चमू विकत घेण्याचा मार्ग स्वीकारते. वाणिज्यविषयक लिखाणात या व्यवहाराचा विचार मुख्यतः नफा आणि बाजारपेठ यांच्या दृष्टीने होतो. तथापि ज्यांच्या पाण्याविषयी आणि जमिनीविषयी अहवाल लिहिला जातो, त्यांच्या दृष्टीने या व्यवहाराचा अर्थ काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) पर्यावरण सल्लागार व्यवसायात स्थानिक ज्ञानाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) अधिग्रहणाद्वारे होणाऱ्या विस्ताराची प्रक्रिया उदाहरणासह समजावून घेणे.
३) लेखाशास्त्र व करारविषयक कायदा यांच्या मर्यादा तपासणे.
४) भारतीय परिस्थितीत या प्रक्रियेचा लोकहिताशी असलेला संबंध मांडणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो प्रसिद्ध झालेले कायदे, अधिसूचना, लेखामानके आणि कंपन्यांनी जाहीर केलेली माहिती अशा दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. सातव्या भागातील संख्यात्मक उदाहरण केवळ विवेचनाच्या सोयीसाठी कल्पिलेले आहे.

३. व्यवसायाची पार्श्वभूमी

पर्यावरण सल्ला हा व्यवसाय प्रामुख्याने कायद्याच्या पोटी जन्माला आला. अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि मोठ्या शासकीय प्रकल्पांच्या परिणामांचे विवरण देणे बंधनकारक झाले. पुढे १९८० मध्ये, सुपरफंड या नावाने परिचित असलेल्या कायद्याने, दूषित जमिनीच्या सफाईची जबाबदारी जमिनीच्या मालकावरही टाकली. परिणामी जमीन किंवा कारखाना विकत घेण्यापूर्वी तेथील माती व भूजल तपासून घेण्याची प्रथा रूढ झाली आणि सल्लागारांची मागणी वाढली.

भारतात १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण प्रतिबंध कायदा आणि भोपाळ दुर्घटनेनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांनी या क्षेत्राचा पाया घातला. २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने ठरावीक प्रकल्पांसाठी पर्यावरणीय आघात मूल्यांकन अनिवार्य केले. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची जागा घेतली आणि प्रकल्पांची छाननी, अभ्यासकक्षेची निश्चिती, लोकसल्लामसलत व मूल्यमापन असे टप्पे ठरवून दिले. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर सल्लागाराच्या अहवालाला मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. सल्लागाराची नेमणूक प्रकल्पाचा प्रस्ताव मांडणारा करतो आणि मोबदलाही तोच देतो. अहवालाचे परिणाम मात्र अन्य लोकांना भोगावे लागतात. त्यामुळे सल्लागाराचे ज्ञान आणि त्याचा निर्भीडपणा हे केवळ व्यावसायिक गुण राहत नाहीत. ते सार्वजनिक महत्त्वाचे ठरतात.

४. स्थानिक ज्ञान म्हणजे काय?

स्थानिक ज्ञान या संज्ञेला अनेकदा भावनिक अर्थ चिकटवला जातो. प्रस्तुत संदर्भात तिचा अर्थ नेमका आहे : कोठे, केव्हा आणि काय पाहावे याची जाण. कोकणातील सड्याच्या उदाहरणाने ही बाब स्पष्ट करता येईल.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाचे सडे एप्रिल-मे महिन्यांत अगदी उजाड दिसतात. काळवंडलेला कातळ, सुकलेले गवत आणि तुरळक झुडपे यांपलीकडे तेथे काही आढळत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू होताच त्याच कातळावरील उथळ खळग्यांत पाणी साठते आणि काही आठवड्यांत सीतेची आसवे यांसारख्या अल्पायुषी वनस्पती उगवून फुलतात. ऑक्टोबरनंतर हे सर्व दृष्टीआड होते. अनेक प्रकल्पांच्या बाबतीत पर्यावरणाच्या मूळ स्थितीची माहिती पावसाळा वगळून अन्य एका ऋतूत गोळा करण्याची पद्धत राहिली आहे. सड्याशी परिचय नसलेला अभ्यासक उन्हाळ्यात येऊन ‘पडीक जमीन’ अशी नोंद करील आणि त्याने प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींपुरती ती नोंद खोटीही नसेल. जाणकार मात्र त्याच नोंदीपुढे ‘पावसाळ्यात पुन्हा पाहणी आवश्यक’ असा शेरा लिहील.

पाण्याची गोष्टही अशीच आहे. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी त्याखालील चिकण थरावर, म्हणजे कोकणात ज्याला शेडी म्हणतात त्यावर, अडते आणि उताराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरी आणि पाणवठे या झऱ्यांवर अवलंबून असतात. प्रकल्पाची हद्द सड्यावर संपते. परिणाम मात्र खालच्या वाडीपर्यंत पोहोचतो. कोणत्या वाडीचा झरा मार्चपर्यंत टिकतो आणि कोणाचा मेपर्यंत, हे उपग्रहाच्या छायाचित्रावरून कळत नाही. याच सड्यांवर आढळलेली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. त्यांपैकी कित्येकांची माहिती प्रथम गुराखी आणि शेतकरी यांच्याकडूनच अभ्यासकांना मिळाली होती.

देशावरील स्थिती निराळी आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाहते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींचे वर्तनही भिन्न असू शकते. ज्याने त्या तालुक्यातील विहिरी अनेक वर्षे मोजल्या आहेत, त्याला कोणत्या विहिरीचा आकडा प्रातिनिधिक आहे आणि कोणता अपवादात्मक, हे समजते. सारांश, स्थानिक ज्ञान हे केवळ माहितीच्या साठ्याचे नाव नसून माहितीवर कितपत विश्वास ठेवावा, हे ठरवणाऱ्या विवेकाचे नाव आहे.

या ज्ञानाचा अभाव असल्यास काय घडते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातील एका प्रस्तावित बॉक्साइट खाणीच्या आघात मूल्यांकन अहवालात रशियातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातील मजकूर उतरवल्याचे उघडकीस आले. अहवाल तयार करणारी संस्था नावाजलेली होती. उणीव होती ती त्या भूमीशी परिचय असलेल्या माणसांची आणि अहवाल रवाना होण्यापूर्वी तो तपासणाऱ्या जाणकार नजरेची. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटानेही आपल्या २०११ च्या अहवालात अशा मूल्यांकनांच्या निकृष्ट दर्जाकडे लक्ष वेधले होते.

५. विस्ताराचे दोन मार्ग

नव्या प्रदेशात काम सुरू करू इच्छिणाऱ्या संस्थेपुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग स्वतःचे कार्यालय उघडून माणसे नेमण्याचा. त्यात संस्थेची कार्यपद्धती अबाधित राहते. परंतु ग्राहकांचा विश्वास, शासकीय कार्यालयांतील परिचय, प्रयोगशाळांशी संबंध आणि क्षेत्राची जाण मिळवण्यात दीर्घ काळ जातो. दरम्यान मोठ्या कामांच्या निविदांत ‘या प्रदेशातील पूर्वानुभव’ ही अट आडवी येते. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, असे हे चक्र असते.

दुसरा मार्ग अधिग्रहणाचा. यात तयार चमू, त्याची चालू कामे, जुने अहवाल आणि नावलौकिक एकदम प्राप्त होतात. विकणाऱ्या बाजूलाही कारणे असतात. संस्थापक निवृत्तीला आलेले असतात आणि पुढील पिढीजवळ त्यांचा हिस्सा विकत घेण्याइतके भांडवल नसते. मोठ्या कामांसाठी लागणारा व्यावसायिक दायित्व विमा, महागडी उपकरणे आणि संगणकीय प्रतिमाने लहान संस्थेला झेपत नाहीत. मोठ्या छत्राखाली गेल्यास कर्मचाऱ्यांना व्यापक कामाची संधी मिळते. म्हणजेच हा व्यवहार नेहमीच मोठ्या माशाने लहान माशाला गिळण्याचा नसतो. बहुधा तो दोन्ही बाजूंच्या गरजेतून घडतो.

६. डब्ल्यूएसपीचे उदाहरण

अधिग्रहणाद्वारे झालेल्या वाढीचे ठळक उदाहरण म्हणजे माँट्रिअल येथे मुख्यालय असलेली डब्ल्यूएसपी ही संस्था होय. तिची पूर्वसूरी जेनिव्हार ही क्युबेक प्रांतातील अभियांत्रिकी संस्था होती. जेनिव्हारने २०१२ मध्ये लंडनच्या शेअरबाजारात नोंदलेली डब्ल्यूएसपी ही आपल्याहून अधिक मनुष्यबळ असलेली संस्था विकत घेतली आणि २०१४ पासून तिचेच नाव धारण केले. त्यानंतरच्या तीन व्यवहारांतून प्रस्तुत विषयाचे तीन पैलू समोर येतात.

पहिला व्यवहार न्यूझीलंडमधील ओपसचा. ओपसचे मूळ १८७० मध्ये स्थापन झालेल्या तेथील शासकीय सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. या खात्याचे उत्तररूप असलेले मंत्रालय १९८८ मध्ये बंद झाले, त्याची सल्लागार शाखा १९९६ मध्ये एका मलेशियन कंपनीला विकली गेली आणि १९९७ मध्ये तिला ओपस हे नाव मिळाले. २०१७ मध्ये डब्ल्यूएसपीने ती विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि तो पार पडला. देशातील रस्ते, पूल आणि नद्या यांची अनेक पिढ्यांची माहिती या चमूजवळ होती. न्यूझीलंडमध्ये १९९१ च्या साधनसंपत्ती व्यवस्थापन कायद्याने घडवलेल्या प्रक्रियेत वैतांगी कराराची तत्त्वे विचारात घ्यावी लागत आणि माओरी समाजाचे भूमी व जल यांच्याशी असलेले नाते दुर्लक्षून चालत नसे. २०१७ मध्येच तेथील संसदेने व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. अशा देशात बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला जलशास्त्राचे सूत्र ठाऊक असणे पुरेसे ठरत नाही. कोणत्या नदीविषयी कोणाशी आणि कोणत्या रीतीने बोलावे, हेही ठाऊक असावे लागते.

दुसरा व्यवहार गोल्डरचा. १९६० मध्ये कॅनडात भूतांत्रिक सल्ला देण्यासाठी स्थापन झालेली ही संस्था पुढे खाणी, भूजल आणि पर्यावरण या क्षेत्रांत नावारूपास आली. तिची मालकी कर्मचाऱ्यांकडेच होती. डिसेंबर २०२० मध्ये व्यवहार जाहीर झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो पूर्ण झाला. किंमत सुमारे ११४ कोटी अमेरिकी डॉलर आणि कर्मचारी सुमारे ७,००० होते. ढोबळ भागाकार केल्यास दरडोई सुमारे १ लाख ६३ हजार डॉलर अशी संख्या येते. अर्थात किंमत माणसांची नसते, संस्थेच्या भावी उत्पन्नाची असते. परंतु ज्या संस्थेत माणसांखेरीज उत्पन्नाचे अन्य साधन जवळजवळ नसते, तेथे हा भेद कितपत टिकतो, याचा विचार करावा लागतो.

तिसरा व्यवहार वुड या ब्रिटिश समूहाच्या पर्यावरण व पायाभूत सुविधा विभागाचा. हा विभाग २०२२ मध्ये सुमारे १८१ कोटी डॉलरना विकत घेण्यात आला; त्यात सुमारे ६,००० कर्मचारी होते. या विभागाचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेतील मॅकटेक ही संस्था २०११ मध्ये अ‍ॅमेकने घेतली. २०१४ मध्ये अ‍ॅमेकने फॉस्टर व्हीलर ही कंपनी घेऊन नाव बदलले. २०१७ मध्ये ही संयुक्त कंपनी वुडकडे गेली आणि २०२२ मध्ये तिचा पर्यावरण विभाग डब्ल्यूएसपीकडे आला. म्हणजे मॅकटेकमधील एखादा भूजलतज्ज्ञ या संपूर्ण काळात आपल्याच मेजावर बसून राहिला असता, तरी अकरा वर्षांत दारावरील पाटी चार वेळा बदलली असती. त्याच्या परिचयाचे भूजल मात्र तेच राहिले असते. या व्यवसायातील खरे सातत्य संस्थेच्या नावात नसून माणूस आणि भूमी यांच्या संबंधात असते, हे यावरून स्पष्ट होते.

७. हिशेबवहीतील अडचण

एवढी किंमत ज्या गोष्टीसाठी मोजली जाते, तिची नोंद हिशेबवहीत कशी होते? आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक ३ आणि त्याला समरूप असलेले भारतीय लेखामानक १०३ यांनुसार, विकत घेतलेल्या संस्थेतील तयार कर्मचारीवृंद ही स्वतंत्रपणे नोंदवता येणारी अमूर्त मत्ता नाही. कर्मचाऱ्यांवर कंपनीचे स्वामित्व नसते, ते केव्हाही सोडून जाऊ शकतात, ही त्यामागील भूमिका आहे. त्यामुळे त्यांचे मूल्य ख्यातीत, म्हणजे व्यवहारात ज्याला गुडविल म्हणतात त्यात, मिसळून जाते.

एका कल्पित उदाहरणाने हे समजून घेऊ. समजा, एका जिल्ह्याच्या ठिकाणी २५ जणांची सल्लागार संस्था १० कोटी रुपयांना विकली गेली. तिची उपकरणे, वाहने आणि येणी यांचे मूल्य, देणी वजा जाता, २ कोटी आहे. हाती असलेली कामे आणि ग्राहकसंबंध यांचे मूल्य ३ कोटी धरले. उरलेले ५ कोटी ख्याती म्हणून नोंदले जातील. आता त्या २५ जणांपैकी ज्येष्ठ भूवैज्ञानिक, वनस्पतितज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ असे तिघे वर्षभरात निघून गेले, असे मानू. हिशेबवहीत त्या दिवशी काहीच घडत नाही. ख्यातीचे मूल्य घटले का, याची तपासणी वर्षातून किमान एकदा करावी लागते; परंतु ती तपासणी अपेक्षित रोख उत्पन्नावर आधारलेली असते. कामे मिळत राहिली, तर मूल्य कायम राहते. अहवालांचा कस मात्र पहिल्याच दिवसापासून उतरलेला असतो. संस्थेचे आर्थिक मूल्य आणि तिच्या अहवालाचे ज्ञानमूल्य या दोन गोष्टी येथे परस्परांपासून वेगळ्या होतात.

८. कराराची मर्यादा

ही जोखीम खरेदीदारास अज्ञात नसते. म्हणून करारात काही तरतुदी केल्या जातात. पूर्ण किंमत एकदम न देता काही भाग पुढील दोन-तीन वर्षांच्या कामगिरीवर अवलंबून ठेवला जातो. प्रमुख व्यक्तींना थांबण्यासाठी वेगळी रक्कम देऊ केली जाते. येथेही लेखामानकांची भूमिका बोलकी आहे : नोकरी सोडताच जी रक्कम मिळणे आपोआप बंद होते, ती खरेदीची किंमत नसून सेवेचा मोबदला मानली जाते. म्हणजे माणूस विकत घेता येत नाही, त्याला वेतनच द्यावे लागते, हे तत्त्व लेखाशास्त्रानेही मान्य केले आहे.

स्पर्धा न करण्याची अट हा तिसरा उपाय होय. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार त्या प्रतिबंधापुरता रद्दबातल ठरतो. त्याला एक अपवाद आहे. व्यवसायाची ख्याती विकणाऱ्या व्यक्तीवर ठरावीक स्थानिक मर्यादेत तसाच व्यवसाय न करण्याचे वाजवी बंधन घालता येते. त्यामुळे संस्थापक-विक्रेता बांधला जाऊ शकतो. परंतु ज्याने काहीच विकलेले नाही अशा साध्या कर्मचाऱ्याला नोकरी सोडल्यानंतर रोखणारी अट भारतीय न्यायालये सामान्यतः मान्य करत नाहीत. क्षेत्रपाहणीचे प्रत्यक्ष काम बहुधा हेच कर्मचारी करतात. झऱ्यांचे पाणी मोजणारा, ग्रामसभेत बसून लोकांचे म्हणणे टिपणारा, स्थानिक वनस्पतींची बोलीतील नावे जाणणारा सहायक कोणत्याही कराराच्या परिशिष्टात नसतो. कायद्याने त्याला दिलेले स्वातंत्र्य योग्यच आहे. खरेदीदाराने त्यातून घ्यावयाचा बोध इतकाच की ज्ञान टिकवण्याचा मार्ग बंधनातून जात नाही.

९. भारतीय संदर्भ : अधिस्वीकृती आणि व्यक्ती

भारतात आघात मूल्यांकन करणाऱ्या संस्थांना भारतीय गुणवत्ता परिषदेच्या नॅबेट या मंडळाची अधिस्वीकृती घ्यावी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००९ च्या अखेरीस काढलेल्या ज्ञापनाने या सक्तीची दिशा निश्चित केली आणि पुढे ती व्यवहारात आली. या योजनेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात संस्थेबरोबर व्यक्तींचीही तपासणी होते. प्रत्येक अहवालासाठी समन्वयक आणि वायुप्रदूषण, जलप्रदूषण, भूजल, परिसंस्था व जैवविविधता, सामाजिक-आर्थिक स्थिती इत्यादी विषयांचे मान्यताप्राप्त तज्ज्ञ असावे लागतात आणि अहवालात त्यांची नावे नमूद करावी लागतात.

म्हणून एखादी मोठी संस्था लहान संस्थेला विकत घेते, तेव्हा तिला मिळणारी अधिस्वीकृती ही वस्तुतः त्या नामांकित तज्ज्ञांवर उभी असते. ते गेले की त्या विषयापुरती पात्रताही डळमळते. हिशेबवहीत जे दिसत नाही, ते येथे काही अंशी दिसते. मात्र या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. तज्ज्ञाची मान्यता विषयाला असते, प्रदेशाला नसते. मराठवाड्यातील भूजलाचा जाणकार कोकणच्या सड्यावर किंवा गोव्यातील खाजन जमिनीतही तितकाच जाणकार मानला जातो. खाजन शेतीत भरतीचे पाणी मानशीच्या दारांनी कसे रोखले आणि सोडले जाते, बांध फुटल्यास खारे पाणी कोठवर जाते, हे त्या गावचा शेतकरी जाणतो. अधिस्वीकृतीच्या प्रमाणपत्राला ते विचारता येत नाही.

जनसुनावणीच्या वेळी हा प्रश्न प्रत्यक्ष समोर येतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो आणि सुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. ग्रामस्थ तो मराठी सारांश वाचतात आणि आपल्या वाडीचा झरा त्यात शोधतात. तो नसेल, तर अहवालातील बाकीच्या शेकडो पृष्ठांवरचा त्यांचा विश्वास उडतो. आणि ज्या तज्ज्ञाने ती पाहणी केली होती, तो दरम्यान संस्था सोडून गेला असेल, तर व्यासपीठावरील प्रतिनिधीजवळ उत्तरही नसते.

१०. अधिग्रहण आणि लोकहित

वरील विवेचनावरून अधिग्रहण ही प्रक्रिया मुळातच अनिष्ट आहे, असा निष्कर्ष काढणे उचित ठरणार नाही. मोठ्या संस्थेचे पाठबळ मिळाल्याने स्थानिक तज्ज्ञाला उत्तम प्रयोगशाळा, अन्य देशांतील सहकाऱ्यांचा अनुभव आणि अहवालाची अंतर्गत छाननी उपलब्ध होते. एकाच बड्या ग्राहकावर अवलंबून असलेली लहान संस्था जे प्रतिकूल मत लिहिण्यास कचरते, ते मत मोठी संस्था तुलनेने निर्धास्तपणे लिहू शकते.

तथापि तीन धोके स्पष्ट आहेत. पहिला, कामाच्या तासांचे प्रमाणीकरण. कर्मचाऱ्याचा किती वेळ ग्राहकाच्या खात्यावर आकारता येतो, यावर मोठ्या संस्थांचे गणित चालते. पावसाळ्यातील एक जादा फेरी किंवा वाडीवरच्या वृद्धाशी तासभर केलेली बातचीत या गणितात बसत नाही आणि स्थानिक ज्ञान नेमके त्यातूनच निर्माण होते. दुसरा धोका हितसंबंधांच्या संघर्षाचा. कालपर्यंत एका नदीच्या प्रदूषणाची तपासणी करणारा चमू ज्या संस्थेने विकत घेतला, तिच्या ग्राहकांत त्या नदीकाठचा कारखानदार असू शकतो. तिसरा धोका मतभिन्नता लोपण्याचा. एका प्रदेशातील दोन-तीन स्वतंत्र चमू एकाच छत्राखाली आले, तर एकाच्या अहवालावर दुसऱ्याने टीका करण्याची शक्यता उरत नाही.

११. निष्कर्ष व शिफारशी

१) पर्यावरण सल्लागार संस्थेच्या अधिग्रहणात प्रत्यक्षात खरेदी होते ती प्रदेशाशी जडलेल्या विवेकाची. हा विवेक लेखामानकांत स्वतंत्र मत्ता म्हणून नोंदला जात नाही आणि करारविषयक कायद्याने बांधून ठेवता येत नाही.

२) त्यामुळे अधिग्रहणाचे यश किमतीपेक्षा नंतरच्या वर्तनावर अवलंबून असते. स्थानिक चमूला क्षेत्रपाहणीचा काळ ठरवण्याचा, अहवालावर स्वाक्षरी करण्याचा आणि स्वाक्षरी नाकारण्याचा अधिकार राहिला पाहिजे.

३) खरेदीदाराने केवळ संस्थापकाशी नव्हे, तर क्षेत्रात काम करणाऱ्या सहायकांशीही व्यवहारापूर्वी संवाद साधावा. चमूच्या क्षेत्रवह्या, विहिरींच्या नोंदी आणि वनस्पतींच्या याद्या, ग्राहकांच्या हक्कांचे भान ठेवून, जतन कराव्यात.

४) अधिस्वीकृती देताना विषयाबरोबरच भूप्रदेशाच्या अनुभवाचाही विचार व्हावा. संस्थेची मालकी बदलल्यास, चालू अहवालांतील तज्ज्ञ कायम आहेत किंवा नाहीत, हे मूल्यमापन समितीस कळवणे बंधनकारक असावे.

५) मूळ पाहणी करणारा तज्ज्ञ जनसुनावणीस उपस्थित राहील अशी व्यवस्था असावी, मग तो कोणत्याही संस्थेत कार्यरत असो.

सल्लागार संस्था येतील, एकमेकींत विलीन होतील आणि त्यांची नावे बदलतील. ज्या वाडीच्या झऱ्याविषयी त्यांनी लिहिले, ती वाडी मात्र तेथेच राहणार आहे. तो झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, हे जाणणारा माणूस अहवाल लिहिणाऱ्यांत आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर व्यवहाराच्या दोन्ही पक्षांनी आणि शासनानेही देणे अपेक्षित आहे.